फ्रिजमधली तंगडी

बोटसामानाच्या दुकानात गिऱ्हाइकं दोनच होती: पुढे म्हातारे श्पिरो, मागे तोन्का. काउंटरपलीकडे दुकानदार फ्राने.

“फ्राने, बोटीवरच्या फ्रिजमध्ये हवा खेळवायला मोठा पंखा दे,” श्पिरो म्हणाले. “तू दिलेला तळहाताएवढा पंखा कुचकामी आहे. तळाशी नेवेन्काचं इन्सुलिन गोठलं, अन् वर दूध नासलं.”

“किती अंश दाखवतंय?”

“तळाला उणे एक, वर अकरा. डॉक्टर म्हणतात, दोन ते आठच्या मध्ये पाहिजे. नवी बाटली आजच आणलीय, तीही जायची.”

“पंखा फिरतोय ना? मग त्याच्यासमोर काय ठेवलंय, काका?”

“काही नाही. हॅमची, खारवून वाळवलेली तंगडी.”

“अख्खी?”

“लाटांनी हलू नये म्हणून दाबून बसवलीय.”

“अहो, मग वारा जाणार कुठून? फोन करा काकूंना.”

“नेवेन्का, ती तंगडी बाहेर टांग.”

“वीस वेळा सांगितलं होतं मी!” फोनमधून आवाज आला. “हॅम कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का?”

“बरं बाई, टांग.”

“आता कॉफी घ्या, काका.”

“कॉफीनं फ्रिज सुधारतो होय?”

“तुमची एक कॉफी तासभर चालते. तेवढा वेळ पुरे.”

तोन्काची खरेदी कधीच आटोपली होती, तरी ती रेंगाळली. कप रिकामा झाल्यावर श्पिरोंचा फोन वाजला.

“बघितलंस, नेवेन्का?”

“बघितलं. वर पाच, तळाला चार.”