नानांची आंबील

अडोम : शेवटचा आकडा सहा की नऊ, मावशी?

सेर्वा : फोन असा धरला की सहा, तसा धरला की नऊ.

अडोम : मग सरळ धर ना!

सेर्वा : सरळच धरलाय. आता शून्य दिसतंय.

अडोम : चष्मा डोक्यावर आहे तुझ्या. डोळ्यांवर घे.

सेर्वा : डोळ्यांवर घेतला की डोकं दुखतं. सहा लिही.

(अडोम लॅपटॉपवर आकडे टाकतो.)

पडदा : आपण दिलेला क्रमांक चुकीचा आहे. दोन प्रयत्न उरले. सवलत संपायला अठरा मिनिटे.

अडोम : बघ! बँकेने तुझ्या फोनवर सहा आकडे धाडलेत. ते इथे टाकायचे, की सर्व्हरचा वर्षभराचा करार झाला. एवढंच काम आहे. लहान पोरही करेल.

सेर्वा : मग लहान पोरच आण. तोवर आंबील घे अजून.

अडोम : ही तिसरी वाटी, मावशी.

सेर्वा : आलं-मिरी आहे तिच्यात. डोकं चालतं त्याने. तुझ्यासाठीच चाललंय हे.

अडोम : माझं डोकं चालतंय. अंत्यविधी थेट दाखवायची आपली साइट चालत नाही. गेल्या शनिवारी ओफोरी मास्तरांच्या अंत्यविधीला काय झालं?

सेर्वा : शवपेटीचं झाकण उघडलं आणि अख्ख्या दुनियेत अंधार झाला. मास्तरांची बहीण म्हणाली, आमचा भाऊ पहिल्यापासून लाजाळू.

अडोम : मास्तर नाही लाजले, सर्व्हर बसला. एक सर्व्हर आणि नऊ हजार माणसं! न्यूयॉर्कचा मुलगा, हॅम्बर्गची सून, ज्यांना विमानाचं तिकीट परवडत नाही ते सगळे...

सेर्वा : परवडतं रे. यायचं नसतं. तू आहेस म्हणून त्यांचं फावतं.

अडोम : आणि त्यांचं फावतं म्हणून आपण जेवतो. पुन्हा अंधार झाला तर कुमासी शहरातली ती दुसरी कंपनी सगळी गिऱ्हाइकं घेऊन जाईल. म्हणून म्हणतो, आकडे वाच.

सेर्वा : वाचते. आधी समजावून सांग. खुर्च्यांत सांग.

अडोम : काल सांगितलं की.

सेर्वा : काल मी ऐकत नव्हते.

अडोम : हे देवा. ऐक. तू वीस वर्षं मंडप-खुर्च्या भाड्याने देतेस. समज, सर्व्हर म्हणजे खुर्च्या, आणि त्या तुला घ्यायच्यात. पहिला मार्ग : शनिवारी लागतील तेवढ्या, लागतील तेवढ्या तासांपुरत्या आणायच्या. भाव चढा, पण काम झालं की परत. दुसरा : वर्षाचं भाडं आजच मोजायचं. भाव चाळीस टक्के कमी. मग कोणी बसो न बसो, पैसे परत नाहीत. तिसरा : दुसऱ्याच्या पडून असलेल्या खुर्च्या. मातीमोल. फक्त त्याला लागल्या की दोन मिनिटांत उचलून नेतो.

सेर्वा : माणूस बसलेला असला तरी?

अडोम : बसलेला असला तरी.

सेर्वा : म्हणजे पाद्रीबाबांच्या खुर्च्या. वधूच्या आईला उभं केलं होतं त्यांनी.

अडोम : म्हणून त्या आपण पाहुण्यांना नाही द्यायच्या. त्यांच्यावर मागचं काम करायचं. रेकॉर्डिंग कापायचं, जोडायचं. मधेच नेल्या तर पुन्हा करू, कुणाला कळणार नाही. पण थेट दाखवायला वर्षाचा करार. हिशेब केलाय मी. आठवड्यातले सवाचार दिवस सर्व्हर चालले की वर्षाचा करार स्वस्त पडतो. आपले पाच दिवस चालतात. बुधवारी चाचणी, गुरुवारी फोटो-श्रद्धांजली, शुक्रवारी रात्रीचं दर्शन, शनिवारी दफन, रविवारी चर्चमधलं आभार मानणं.

सेर्वा : आणि सोमवारी?

अडोम : सोमवारी आपण झोपतो.

सेर्वा : मी नाही झोपत. सोमवारी मी खुर्च्या धुते. वीस वर्षांत मी एकदाही वर्षाचा करार केला नाही कुणाशी. नवऱ्याशी केला होता, तो मोडला.

पडदा : सवलत संपायला अकरा मिनिटे. नवीन क्रमांक आपल्या फोनवर पाठवला आहे.

अडोम : आला! वाच.

सेर्वा : सात... थांब, माशी आहे. सात. तीन. तीन. हा आठ आहे की दोन पोरं एकावर एक बसलीत?

अडोम : मावशी!

सेर्वा : तीन लिही. मग एक, चार.

पडदा : आपण दिलेला क्रमांक चुकीचा आहे. एक प्रयत्न उरला.

अडोम : तू मुद्दाम करतेस.

सेर्वा : मी? म्हाताऱ्या मावशीवर असा आळ?

अडोम : तुझे निम्मे मंडप विकून बाराशे डॉलर उभे केलेस. तूच म्हणालीस, अडोम, हे तुझ्या धंद्याला. आणि आज कुलपावर बसल्यासारखी बसलीस. भीती कशाची? आपल्या धंद्याला मंदी नाही. माणसं मरायची थांबतात का?

सेर्वा : मरायची नाही थांबत.

अडोम : मग?

सेर्वा : मग काही नाही. आंबील घे.

(ती पातेल्यावरचं झाकण काढते. तीन वाट्या जाऊनही पातेलं काठाला आलेलं.)

अडोम : एवढी कशी उरली?

सेर्वा : जास्त केली.

अडोम : तू रोज पहाटे एकच पातेलं करतेस. राजवाड्यात नानांसाठी, आपल्या राजासाठी. अकरा वर्षं. मला कधी खरवडही मिळाली नाही त्यातली. कालही तू मला आंबील दिलीस. परवाही.

सेर्वा : माझ्या भाच्याला मी आंबील देऊ नये?

अडोम : नानांचं पोट बिघडलंय का?

सेर्वा : मी वैद्य आहे का?

अडोम : मग पातेलं परत का येतं?

सेर्वा : दारातला माणूस म्हणाला, सध्या नको.

अडोम : सध्या म्हणजे कधीपर्यंत?

सेर्वा : राजवाड्याला प्रश्न विचारायचे नसतात. चमचा तोंडात घाल, म्हणजे जीभ गुंतून राहते.

अडोम : मावशी... नाना...

सेर्वा : पुढचा शब्द काढलास तर एक मेंढी दंड. राजवाड्याने दवंडी देईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. तू बोललास तर तुझी मेंढी, मी ऐकलं तर माझी. मेंढीचा भाव माहितेय? तुझ्या सर्व्हरपेक्षा जास्त.

अडोम : मी कुठे काय बोललो? मी नुसतं समजा म्हणतो. समजा, उद्या दवंडी आली...

सेर्वा : समजायचं असेल तर मनात समज. कोकरू तरी वाचेल.

(अडोम चमचा वाटीत ठेवून राजवाड्याच्या दिशेने पाहतो.)

सेर्वा : समजलास?

अडोम : आधीचे नाना होते ना. ते गेले तेव्हा मी सातवीत होतो. त्यांच्याबद्दल बोललं तर चालतं?

सेर्वा : त्यांची मेंढी केव्हाच खाऊन झाली. बोल.

अडोम : तेव्हा दवंडीनंतर तीन महिने, त्यांचं दफन होईपर्यंत, गावात दुसरा एकही अंत्यविधी होऊ दिला नव्हता. ढोल नाही, मंडप नाही. मेलेली माणसं शवागारात रांगेने थांबली होती. आजोबासुद्धा.

सेर्वा : माझ्या खुर्च्यांवर कोंबड्या बसायच्या.

अडोम : मग वर्षातले नऊच महिने. नऊ महिने, आठवड्याला पाच दिवस... अर्ध्याच्या किंचित वर. करार स्वस्त पडायला साठ टक्के तरी चालायला हवेत. मावशी, करार महाग पडतो!

सेर्वा : असं का? मला काय कळतं बाई त्यातलं.

पडदा : सवलत संपायला दोन मिनिटे. आपली संधी गमावू नका!

सेर्वा : हा मघापासून कोण ओरडतोय? बाजारात मासे विकणाऱ्याचा भाऊ दिसतो.

अडोम : आधीच का नाही सांगितलंस?

सेर्वा : काय सांगायचं? मी काही सांगितलंय का? कुणी विचारलं तर म्हण, मावशीला आकडे वाचता येत नाहीत.

पडदा : आपली सवलत संपली आहे.

अडोम : गेली.

सेर्वा : देवाची कृपा. आता ते तासावारी भाड्याचं काढ.

अडोम : काढलं. एक छोटा सर्व्हर कायम, फोटोंपुरता. बाकीचे तासाच्या भाड्याने. शनिवारी पहाटेच उभे करायचे, गर्दी यायच्या आधी. क्रमांक आला असेल बघ.

सेर्वा : पाच, एक, एक, आठ, शून्य, नऊ.

पडदा : धन्यवाद. आपले खाते सुरू झाले आहे.

अडोम : चष्मा अजून डोक्यावरच आहे तुझ्या.

सेर्वा : असू दे. ऊन लागत नाही.

अडोम : मावशी, आता इथे एक रकाना आहे. एका दिवसात जास्तीत जास्त किती सर्व्हर लागतील. मी वीस लिहिणार होतो. तीन महिन्यांनंतरच्या त्या एका दिवशी... म्हणजे कुठल्याही एका दिवशी...

सेर्वा : आधीच्या नानांच्या वेळी मी सहा हजार खुर्च्या मांडल्या होत्या. तरी लोक झाडांवर होते.

अडोम : मग किती लिहू?

सेर्वा : झाडंही धर.

अडोम : लिहिलं.

सेर्वा : हे नाना चांगले होते रे. रोज पहाटे म्हणायचे, सेर्वा, आज मिरी कमी पडली. अकरा वर्षं, रोज.

अडोम : मावशी, होते म्हणालीस.

सेर्वा : तू ऐकलंस?

अडोम : नाही.

सेर्वा : शहाणा माझा. वाटी पुढे कर. मिरी कमी पडली का सांग.