साहेबांच्या केबिनची कडी

सातपूरच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन कारकून उभे होते. एकाच्या काखेत लोकप्रशासनाचं जाडजूड पुस्तक होतं.

"पगारे, ह्यातलं काही तुमच्या ऑफिसात चालतं का हो?" पुस्तकवाल्यानं विचारलं.

"तंतोतंत. आजचंच घ्या. साहेब गेले समजून बहिरू शिपायानं केबिनला बाहेरून कडी घातली आणि गेला घरी. साहेब आतच!"

"अरे बापरे! मग?"

"मग काय, घंटी वाजवत बसले."

"कोणीच उठलं नाही?"

"घंटीला शिपायानं उठायचं असतं. आज आपण उठलो, की उद्यापासून चहाही आपणच आणायचा."

"ह्यालाच पदसोपान म्हणतात. ज्यानं त्यानं आपल्या पायरीवर राहायचं."

"राहिलो ना! मग साहेब आतून ओरडले, कडी काढा. हेडक्लार्क म्हणाले, तोंडी हुकूम चालत नाही, लेखी द्या."

"दिला?"

"दाराखालून सरकवला. हेडक्लार्कनी त्यावर 'मंजुरीसाठी सादर' असं लिहून परत आत सरकवला. साहेबांनी मंजुरी दिली, तोवर साडेपाच वाजले."

"म्हणजे आले एकदाचे बाहेर."

"कसे येतील? ऑफिस सुटलं होतं. उद्या रविवार. परवा बहिरू आला, की काढेल कडी."