पहिलं अक्षर धरून

शिक्षिका : नाही काका, बोटांनी नको, तोंडाने सांगा. हे चित्र कशाचं? 'क' वरून. क... क...

काका : क... कंगवा.

शिक्षिका : जवळ आलात. कंगव्याची शेजारीण आहे. का...

काका : का... कावळा. छे! कावळा नाही!

शिक्षिका : चिडू नका.

काका : हे... पोरांचं. पोरांचं आहे हे.

शिक्षिका : आहेच. मोठ्यांसाठी असली चित्रं दुकानात मिळतच नाहीत. मेंदूला झटका आला म्हणून शब्द कुठे जात नाहीत, काका. आतच असतात. पहिलं अक्षर धरून बाहेर ओढायचे. का...

काका : का... कात्री. कात्री!

शिक्षिका : बघा! जन्मभर सलून चालवलंत, कात्री कुठे जाते? शेजारचे टेलर सांगत होते, एक दाढी होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या सासूचीसुद्धा खबर काढायचात म्हणे.

काका : बो... बोलायचो. खूप.

शिक्षिका : आता दिवसभर कुणाशी बोलता?

काका : आ... आरसा.

शिक्षिका : ...फोन वाजतोय तुमचा. 'लेक' असं दिसतंय. घ्या ना.

काका : नको.

शिक्षिका : परवाही घेतला नाहीत. तिला माहीत आहे ना, काय झालं ते?

काका : घ... घसा.

शिक्षिका : घसा बसलाय, असं सांगितलंत? कोणी सांगितलं?

काका : टेलर. मी... खूण केली.

शिक्षिका : अहो, पोरीला काय वाटत असेल?

काका : बाळ... लहान. ती... लांब. काळजी.

शिक्षिका : बंद झाला. बघा, पुन्हा वाजतोय. मी स्पीकर लावते. तुम्ही नुसतं 'हं' म्हणा.

मुलगी : हॅलो? बाबा? अहो, उचललात! बरा आहे का घसा? खरं सांगा, घसाबिसा काही नाही ना? रुसलायत माझ्यावर. नोकरीसाठी एवढ्या लांब आले म्हणून. मग तोंडावर बोला ना एकदा! शिव्या घाला, पण गप्प बसू नका. तुम्हाला शोभत नाही ते.

काका : र... र...

मुलगी : काय?

काका : र... रस्ता. नाही. रा... रा...

मुलगी : नातीला अक्षरं शिकवताय की काय? झोपलीय ती. आणि अजून दातसुद्धा आले नाहीत तिला, कसला र न् कसलं काय!

काका : रा... राग. राग... नाही.

मुलगी : ...बाबा, असं का बोलताय?

शिक्षिका : मी सांगू का, काका?

काका : नको. मी. डो... डोकं. झ... झटका. दवाखाना. शब्द... पळाले.

मुलगी : कधी?

काका : थं... थंडी. थंडीत.

मुलगी : थंडीत? आणि आता पंखे लागले, बाबा! मी इथून फोटो पाठवतेय, तुम्ही तिथून नुसता अंगठा दाखवताय, आणि मला वाटतंय... एकटेच होतात? नेलं कुणी?

काका : टेलर.

मुलगी : त्यांना सांगितलंत, मला नाही?

काका : भ... भीती. तू... रडशील.

मुलगी : मी कुठे रडतेय. ...बाबा, मला लगेच नाही हो येता येणार. रजा संपलीय सगळी. पुढच्या महिन्यात बघते, पण आत्ता नाही.

काका : हं. स... समजतं.

मुलगी : फोन मात्र ठेवायचा नाही. तुम्ही काही बोलू नका. मी घरातली कामं उरकते, तुम्ही नुसते असा तिकडे. चालेल?

काका : चा... चालेल.

शिक्षिका : (कुजबुजत) काका, मला पुढच्या घरी जायचंय. चित्रं इथेच ठेवते. निघू?

काका : हं. दार... हळू.

शिक्षिका : हळू का?

काका : ती... भांडी घासतेय.