बर्फातली पिवळी खसखस

सुहासिनी : थांब, धर्मराजदादा. कागदावर रक्त सांडून राह्यलंय.

धर्मराज : कुणाचं?

सुहासिनी : तुझंच. दुसरं कोण बसलंय इथं? झाड कागदावर शिवताना सुई बोटात घुसली आणि तुला पत्ता न्हाई?

धर्मराज : हळू बोल. पलीकडं आण्णा हायेत.

सुहासिनी : हात दाखव. लपवू नको... अगं बाई, ही बोटं लाकडावानी लागताहेत. काहीच कळत न्हाई तुला?

धर्मराज : बिलकुल न्हाई. विलायतेहून झाडं गोळा करायला ग्रीनलँडला गेल्तो, तिथल्या बर्फात गेली ती. जहाजावरचे म्हनत व्हते, हातमोजा काढू नको. पन ही खसखस बोटभर उंच. मोज्यानं तिचं मूळ कसं सुटावं? झाड मुळासकट आनायचं, हे आण्णांनीच शिकवलेलं. मंग काढला मोजा. झाड आलं, बोटं तिथंच ऱ्हायली.

सुहासिनी : आणि आल्यापासून खिशात हात घालून हिंडतोस. मला वाटलं, विलायतेचा रुबाब.

धर्मराज : आण्णांना सांगू नको, सुहास. आज ते मला या झाडांच्या कपाटांची किल्ली देनार, सगळा संग्रह माझ्या हाती. वाळली झाडं तू कागदावर शिवत जा, नावं मी लिहितो. कुनाला कळतंय?

सुहासिनी : मी कुठून शिवू? तू येणार कळलं, त्याच दिवशी आण्णांनी अंबडला माझ्या दिराकडं निरोप धाडला, हिला घेऊन जा म्हणून. किल्ली तुझ्या हाती पडली की मी त्यांच्या चुलीपुढं. नवरा गेल्यावर माहेरी आले, तेव्हा या कागदांनी मला माणसात आणलं, दादा.

धर्मराज : आन मी? निजाम सरकारच्या वजिफ्यावर विलायतेला शिकायला गेल्तो. आता अंतरवालीला जाऊन नांगर धरू? बापाला गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?

सुहासिनी : मी आपणहून बोलणार न्हाई. विचारलं, तर खोटंही बोलणार न्हाई. आण तो कागद इकडं. सगळे टाके मी घालते, झाड तरी वाचू दे.

(काही वेळानं आण्णा आत येतात. हातात किल्ल्यांचा जुडगा.)

आण्णा : झालं का रे? बघू... वा. पाकळी न् पाकळी शाबूत. आणि टाके किती नाजूक. एवढी वर्षं मुलांना शिकवलं, पण हा हात एकालाच. ही घे किल्ली, धर्मराज. सुहास, तू आता सामान बांधायला लाग. उद्या-परवा अंबडची गाडी येईल.

सुहासिनी : बरं, आण्णा.

आण्णा : घे की रे, असा बघतोस काय? आणि हा डाग कसला?

धर्मराज : टाके माझे न्हाईत, आण्णा. रक्त तेवढं माझं.

आण्णा : म्हणजे?

धर्मराज : ही बोटं बघा. दाबा. जोरात दाबा. बर्फानं मारलीत. सुई काय, विस्तू लागला तरी कळत न्हाई मला. टाके सुहासचे हायेत. किल्ली तिला द्या.

सुहासिनी : दादा...

आण्णा : पण तिच्या दिराला मी शब्द दिलाय. आणि तू? तू काय करणार?

धर्मराज : आजच निघतो. अंतरवालीची वाट अंबडवरूनच जाते, आण्णा. जाता जाता त्यांना सांगतो, गाडी जुंपू नका म्हनून.