वात किसको है?

अवं, मी लय बोलते हे मले मान्य आहे, पण जरीपटका वस्तीतल्या त्या सिंधी आजीसारखं कोणी ऐकवलं नाही. पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित सिंधी बायांचा आरोग्यवर्ग मी घेऊन राहिली होती. माझ्या हिंदीत विचारलं, "वात किसको-किसको है?"

झाडून साऱ्यांचे हात वर! मी घाबरली. म्हटलं, "किधर है, हात लगाके दिखाओ." मले वाटलं गुडघे धरतील, तर साऱ्यांनी तोंडावर हात ठेवले.

मी म्हटलं, "मुंह में कैसा वात, बाई? मेरेको देखो, वातच नहीं है!"

एक सून हसत म्हणे, "दीदी, सिंधीत वात म्हणजे तोंड."

आजी मात्र गंभीर. "वात नहीं है? तो घंटेभर से बोल काहे से रही है?"