माशाची थाळी मावली पाहिजे

बिल्याना: ...ते सगळं खरं काका, पण घरात माणसं किती? त्यावर मशीनचं माप ठरतं.

ओब्रेन: दोन.

स्टामेंका: चाळीस.

(सर्बियातल्या पोझेगा गावातलं विजेच्या वस्तूंचं दुकान, नोव्हेंबरची सकाळ. बिल्याना इथं विक्रीला असते. ओब्रेन आणि स्टामेंका हे सत्तरी ओलांडलेलं जोडपं भांडी धुण्याचं मशीन घ्यायला आलंय. काउंटरवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट ठेवलेलं आहे.)

बिल्याना: दोन का चाळीस?

ओब्रेन: दोन गं पोरी. मी आणि ही. मुलगा सून लिंझला, ऑस्ट्रियात. ही आपलं काहीतरी बोलते.

स्टामेंका: एकोणीस डिसेंबरला घरात माणसं किती असतात, ते सांग तिला.

बिल्याना: अच्छा! म्हणजे तुमची स्लावा निकोला संताची? आमचीपण तीच.

स्टामेंका: मग तुला काय सांगायचं! कुळाच्या संताचा दिवस. त्याला बोलावणं नसतं. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि सगळ्यांना आठवण असते.

ओब्रेन: वर्षातल्या एका दिवसासाठी कोणी मशीन घेतं का? पोरी, ते अरुंद दाखव. माझ्या चुलीच्या लाकडांच्या पेटीशेजारी बसेल असं.

बिल्याना: हे बघा. पंचेचाळीस सेंटीमीटर. दोघांना भरपूर झालं.

स्टामेंका: थांब. टॉवेल सोड.

ओब्रेन: अगं, इथं नको. लोक बघतायत.

स्टामेंका: बघू देत. मी चपला घ्यायला पाय घेऊन जाते, मशीन घ्यायला थाळी घेऊन आले. पोरी, उपासाची स्लावा, मांस चालत नाही, म्हणजे मासा, आणि मासा म्हणजे ही थाळी. अख्खा कार्प मावतो हिच्यात. ठेव आत.

बिल्याना: आडवी... नाही. तिरकी... दार लागत नाही, मावशी.

स्टामेंका: झालं. हे मशीन आपलं नाही.

ओब्रेन: एक थाळी हातानं धुता येत नाही?

स्टामेंका: कोणाच्या हातानं?

ओब्रेन: (टॉवेलाची घडी घालू लागतो.)

स्टामेंका: बोल ना. आतापर्यंत चांगला बोलत होतास.

बिल्याना: मावशी, हाताला काय झालंय?

स्टामेंका: बोटं बधिर झालीत. मनगटाचं ऑपरेशन झालं, तरी फरक नाही. ताटली हातात आहे का सुटली, ते फुटल्यावर कळतं.

बिल्याना: मग मोठंच बघू. हे साठचं, चौदा माणसांची भांडी मावतात. वर काट्या-चमच्यांचा वेगळा कप्पाही आहे.

ओब्रेन: शेजारच्या विदोसावाकडे असंच आहे. मुलीनं जर्मनीहून पाठवलं. ती त्यात तवे ठेवते.

स्टामेंका: आणि पाहुणे आले की तवे काढते, भांडी हातानं धुते आणि वाळायला त्यात लावते. मला विदोसावा नाही व्हायचं. थाळी ठेव.

बिल्याना: मावली. पण एक मिनिट. खाली थाळी उभी राहिली की मधल्या जाळीखालचा पाणी उडवणारा दांडा मोकळा फिरला पाहिजे. नुसतं दार लागून भागत नाही. हा बघा, हातानं फिरवते... टक्‌. लागला. या वरच्या कप्प्यामुळे मधली जाळी खाली आलीय.

स्टामेंका: म्हणजे वरची भांडी धुतलीच जाणार नाहीत.

बिल्याना: बरोबर. घरी गेल्यावर हे कळतं आणि लोक आम्हाला शिव्या देतात.

ओब्रेन: मग राहिलं. चला. टीचभर दुकान, इथं काय मिळणार?

स्टामेंका: तुला मिळायलाच नकोय.

ओब्रेन: मला का नको असेल?

स्टामेंका: रविवारी नेनादचा फोन आला होता. "बाबा, आईला आता झेपत नाही, यंदापासून स्लावा मी घेतो, तुम्हीच इकडे या." आणि तू म्हणालास, "बरं."

ओब्रेन: तुला ऐकू आलं?

स्टामेंका: हात गेलेत, कान नाहीत.

ओब्रेन: बापाकडून मुलाकडे जातेच ती. मीही माझ्या बापाकडून घेतली.

स्टामेंका: बाप गेल्यावर घेतलीस. तू तर इथं मशिनांना नावं ठेवत उभा आहेस. स्लावेची मेणबत्ती लिंझला लागली, की आपल्या दाराला कोण येणार? क्रिस्तिवोये लंगडत डोंगर उतरून येतो, तो लिंझला जाणार?

ओब्रेन: तू गेल्या वर्षीचं विसरलीस. मी नाही विसरलो. पाहुण्यांत उभा होतो, आतून आवाज आला. दारात आलो तर तू खाली बसून तुकडे वेचतेयस, बोटातून रक्त चाललंय आणि तुला पत्ता नाही. मी तेव्हाच निकोला संताला म्हटलं, पुरे झालं.

स्टामेंका: संताला सांगितलंस. मला नाही विचारलंस.

ओब्रेन: तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

स्टामेंका: हेच, जे आज म्हणतेय. माझे हात हे कारण आहे ना? मग ते कारण आज इथं मिटल्याशिवाय मी बस पकडणार नाही. पोरी, दुसरं काढ.

बिल्याना: ते कोपऱ्यातलं बघा. दिसायला साधं आहे, वरचा चमच्यांचा कप्पा नाही, पण मधली जाळी वर सरकते. थाळी द्या... आता तुम्ही फिरवा, मावशी.

स्टामेंका: मला नाही कळायचं, लागतंय का नाही. ओब्रेन, तू फिरव.

ओब्रेन: ...फिरतोय.

स्टामेंका: पूर्ण?

ओब्रेन: पूर्ण. कुठं लागत नाही.

बिल्याना: पहिली पंगत उठली की तासाभरात दुसरीला भांडी तयार. फक्त आपल्याकडच्या पाण्यात चुना फार, तेव्हा मशीनचं वेगळं मीठ घालायचं. स्वयंपाकाचं नाही हां. आणि मावशी, थाळीच्या कडेचा सोनेरी रंग मशीनमध्ये जाईल.

स्टामेंका: सेहेचाळीस वर्षं घासलीय ती. आता तिथं सोनं शोधून दाखव.

ओब्रेन: पण हे माझ्या पेटीच्या जागी येणार.

स्टामेंका: पेटी ओसरीवर जाईल.

ओब्रेन: आणि लाकडं?

स्टामेंका: तुला पाय आहेत.

बिल्याना: एक विचारू? खालची जाळी भरायला वाकावं लागतं, ताटल्या एकेक धरून लावाव्या लागतात. मावशींच्या हातांनी ते...

स्टामेंका: मी नाही लावणार. हा लावेल.

ओब्रेन: मी? स्लावेच्या दिवशी? पाहुण्यांसमोर?

स्टामेंका: दरवर्षी मिशीला पीळ देऊन सांगतोस ना, घरधनी स्लावेला बसत नाही, दिवसभर उभा राहून सेवा करतो? उभा आहेसच. दहा पावलं आणखी चाल.

ओब्रेन: क्रिस्तिवोये वर्षभर हसेल.

स्टामेंका: हसायला तरी येईल.

ओब्रेन: आणि तू काय करशील तेव्हा?

स्टामेंका: बसेन. खिडकीजवळच्या खुर्चीत, पाहुण्यांबरोबर. सेहेचाळीस वर्षं तो मासा मी गार खाल्लाय, सगळे गेल्यावर, उभ्यानं. एकदा मला तो गरम खायचाय.

बिल्याना: मग काका, कधी पाठवू?

ओब्रेन: या आठवड्यात. पेटी मी आज संध्याकाळी हलवतो.

स्टामेंका: आणि नेनादला?

ओब्रेन: सांगतो, मेणबत्ती इथंच लागेल. यायचं तर ये, बोलावणं नसतं.

स्टामेंका: चल मग. बस जाईल.

ओब्रेन: जाऊ दे, मागची पकडू. पोरी, ताटल्या कुठल्या बाजूला तोंड करून लावायच्या, ते एकदा दाखव. सावकाश दाखव.