डिफरन्शियलचा आवाज

गॅरेजवाल्याला चूक कबूल करायला लावायची असेल ना, तर भांडू नका. त्याला गाडीत बसवून न्या.

माझ्या जुन्या जीपला मोठे टायर घातल्यापासून ती चढावर दम टाकायची. म्हणून धायरीच्या एका गॅरेजात दोन्ही अ‍ॅक्सलचे गिअर बदलून घेतले. चढावर ती झकास ओढायला लागली, पण साठच्या पुढे गेलं की मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नुसता कोकलायचा.

गॅरेजचे मालक म्हणाले, "ताई, नवीन गिअर आहेत, बसतील हळूहळू. तोवर गाणी लावा."

"बसणार नाहीत, झिजतील. दात नीट जुळवलेले नाहीत तुम्ही. परत उघडा."

"तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो."

"त्यांना गाडीत पेट्रोल कुठून भरतात तेवढंच कळतं. तुम्ही बसा."

त्यांना घेऊन मी थेट बायपासला गेले आणि गाडी साठच्या वर नेली. मागून कोकलणं सुरू झालं. मालक माझ्याकडे वाकले आणि गळ्याच्या शिरा ताणून म्हणाले, "अहो ताई, कुठंय आवाज?"

मीही तेवढ्याच जोरात विचारलं, "मग ओरडताय कशाला?"